कुणाचे ऐकले?

मूल ‘ऐकत नाही’ असे आपण म्हणतो तेव्हा तक्रार त्याच्या कानांविषयी नसते. इथे बंगळुरूत शेजारच्या घरातून ‘मातु केळु’ असे कानावर येते, त्याचाही अर्थ तोच : बोलणे ऐक, म्हणजे तसे वाग. हिब्रूतले ‘शामा’ हे क्रियापद याच वळणाचे आहे. म्हणून शमुवेलाच्या पहिल्या पुस्तकातला १५वा अध्याय मराठीत वाचताना मी एका शब्दाशी अडखळते : ‘आज्ञा पाळणे’.

अमालेक्यांचे काहीही शिल्लक ठेवू नकोस, असे शौल राजाला सांगितलेले असते. तो त्यांच्या राजाला जिवंत धरतो, चांगली मेंढरे-गुरे राखतो आणि शमुवेल भेटताच सांगतो की देवाचे काम पुरे केले. मग हा मेंढरांचा आवाज कसला ऐकू येतो, असे शमुवेल विचारतो. शौल म्हणतो, लोकांनी ती यज्ञासाठी राखली. शेवटी मात्र तो कबूल करतो की, लोकांना भिऊन त्यांचे ऐकले.

देवाचा शब्द, जनावरांचे ओरडणे, लोकांचे म्हणणे : हिब्रूत तिन्ही एकाच ‘शामा’ने ऐकली जातात. गोष्टीचा कणा हाच आहे. प्रचलित मराठी भाषांतरात यज्ञाहून काय बरे हे सांगणाऱ्या निर्णायक वाक्यात ‘आज्ञा पाळणे’ येते आणि साखळी तुटते. मग शौलाचा गुन्हा शिस्तभंगाचा वाटतो. मुळात तो अप्रामाणिकपणाचा आहे : ऐकले एकाचे, नाव घेतले दुसऱ्याचे.

हा भेद मराठीत कुणी जगून दाखवला असेल तर पंडिता रमाबाईंनी. १८८३ साली इंग्लंडमध्ये वाँटेजला त्यांनी बाप्तिस्मा घेतला. पुढच्या काही वर्षांत सिस्टर जेराल्डीन यांच्याशी झालेल्या त्यांच्या पत्रव्यवहारात एकच वाद पुन्हा पुन्हा उसळतो. त्र्यैक्यासारखी मते बुद्धीला पटल्याशिवाय मान्य आहेत असे रमाबाई म्हणत नाहीत, आणि बिशपांचा शब्द देवाचा शब्द मानत नाहीत. जेराल्डीनना त्यात अहंकार दिसतो. रमाबाईंच्या लेखी मात्र न पटलेले पटले म्हणणे हीच देवाची अवज्ञा असते. हा पत्रव्यवहार जेराल्डीन यांनीच जपून संकलित केला आणि १९७७ साली अ. भि. शहा यांच्या संपादनाखाली तो प्रसिद्ध झाला. आज्ञापालन मागणाऱ्या बाईने नकाराची पत्रे राखली, हाही प्रामाणिकपणाच.

पुढे केडगावच्या मुक्ती मिशनमध्ये रमाबाईंनी हिब्रू आणि ग्रीक शिकून सबंध बायबल मराठीत आणले. कमी शिकलेल्या बायकांना कळावे म्हणून त्यांनी संस्कृतप्रचुर शब्द टाळले. १९२२ साली त्या गेल्या आणि भाषांतर १९२४ मध्ये निघाले. देवाचे ऐकायचे तर मधला दुभाष्या जितका कमी तितके बरे, हा त्यांच्या पत्रांतला आग्रह मला या कामातही दिसतो.

‘ऐकणे’ हा शब्दही निर्धोक नाही. आपल्या घरांत तो सुनांवर आणि मुलांवर चालवला जातो. शिवाय शौलाला मिळालेल्या त्या आज्ञेत तान्ह्या लेकरांचाही वध आहे, आणि कुठल्याच शब्दाने तो झाकता येत नाही. झाकूही नये. संपूर्ण आज्ञापालनाची थोरवी गाणाऱ्या प्रवचनांत हे वाक्य गाळले जाते, तेव्हा प्रवचनकारही शौलासारखाच हवे तेवढे राखतो.

तरीही मी ‘ऐकणे’च निवडेन. कारण व्याकरणाचे आहे. ‘आज्ञा पाळली’ हे वाक्य तेवढ्यावर भागते. ‘ऐकले’ म्हटले की मराठी लगेच विचारते : कुणाचे? शौलाला या प्रश्नाचे उत्तर द्यायला अख्खा अध्याय लागला. रमाबाईंनी ते प्रत्येक पत्रात दिले.