रॅपोपोर्ट यांची गृहमीमांसा व वऱ्हाडांतील पांढरी

अॅमॉस रॅपोपोर्ट यांचा ‘हाऊस फॉर्म अँड कल्चर’ हा ग्रंथ १९६९ सालीं प्रसिद्ध झाला. घराचा आकार मुख्यतः समाजाचे आचार व कल्पना ठरवितात. हवामान, साहित्य व बांधणीचें ज्ञान यांचें कार्य गौण, असा त्यांचा सिद्धांत आहे. केवळ ऊन-पावसावरून घराची उपपत्ति लावणाऱ्यांचें त्यांनीं केलेलें खंडन मार्मिक आहे. परंतु यवतमाळ जिल्ह्यांतील बोरी अरबसारख्या वऱ्हाडी गांवास हा सिद्धांत लावूं जातां तो दोन ठिकाणीं अपुरा पडतो.

पहिलें स्थळ मातीचें. गांवाची ती पांढरी व शेताची ती काळी, हा भेद आपल्या भाषेंत रूढच आहे. काळी पावसांत फुगते व उन्हाळ्यांत भेगाळते. तिजवर भिंत टिकत नाहीं. पांढरीच्या जाड भिंती व वरचें धाबें वैशाखाचा ताप अडवितात. धाब्याखालीं एक उन्हाळा काढलेल्यास याचा पुरावा नको. येथवर निसर्गच कर्ता दिसतो. पण ही पांढरी आली कोठून? पुष्कळ ठिकाणीं ती पिढ्यानुपिढ्या ढासळलेल्या भिंती व चुलींची राख यांचीच रास असते. ज्यास निसर्ग म्हणावयाचें तोच वस्तीनें घडविलेला! मग मुख्य कोण व गौण कोण?

दुसरें स्थळ अधिक नाजूक आहे. ‘बृहत्संहिते’च्या वास्तुविद्याध्यायांत वराहमिहिरानें श्वेत, रक्त, पीत व कृष्ण भूमि चार वर्णांस अनुक्रमें सांगितल्या आहेत. वऱ्हाडांत ही व्यवस्था चालणें कठीणच. काळीवर कोणाचेंच घर टिकेना. तथापि भेद लोपला नाहीं, तो दिशेच्या रूपानें उरला. पुष्कळ गांवीं महारवाडा पूर्वेच्या कडेस असे. पश्चिमेचा वारा हें त्याचें कारण कोणी सांगतात. वाऱ्यावरून फार तर कोणती कड वाईट हें ठरेल. तेथें कोणीं राहावें हें वारा सांगत नाहीं.

तें समाज सांगतो, असें रॅपोपोर्ट म्हणतील, व तें खरें. पण त्यांच्या विवेचनांत समाज ‘निवड’ करतो. कडेस राहणाऱ्यानें काय निवडलें? डॉ. आंबेडकरांनीं ४ नोव्हेंबर १९४८ रोजीं घटनासमितींत ग्रामसंस्थेच्या स्तुतीचा प्रतिवाद केला. तो या ग्रंथाशेजारीं ठेवून वाचावा.

आतां धाब्यांच्या जागीं सिमेंटचे स्लॅब येत आहेत. २०२० सालच्या स्वामित्व योजनेंत गांवठाणांचे नकाशे ड्रोननें होतात. त्यांत मिळकतींच्या सीमा येतात. भिंतीची माती व दाराची दिशा मात्र अभ्यासकानेंच जाऊन नोंदावयाची आहे.