मुक्त आज्ञावलींचे परवाने आणि वितरकाचे दायित्व : लोहित देवनागरीच्या निमित्ताने

भारतीय प्रताधिकार कायदा, १९५७ याच्या कलम २(ओ) नुसार संगणकाची आज्ञावली ही 'साहित्यकृती' ठरते. साहित्याच्या अभ्यासकास हे काहीसे गमतीचे वाटेल. परंतु कायद्याच्या दृष्टीने कादंबरी आणि बिले काढणारी आज्ञावली एकाच पंक्तीला बसतात. साहित्यकृती म्हटली की कर्ता आला आणि कर्ता आला की त्याची परवानगी आली. मुक्त आज्ञावलींच्या बाबतीत ही परवानगी आधीच, लेखी आणि सर्वांना दिलेली असते. मात्र ती सशर्त असते. या अटींचे वाचन आपल्याकडे गांभीर्याने होत नाही, असे प्रस्तुत लेखकाचे मत आहे.

याच्या मुळाशी भाषेचाही थोडा घोटाळा आहे. इंग्रजीतील 'फ्री' या शब्दात फुकट आणि स्वतंत्र हे दोन्ही अर्थ सामावलेले असल्याने रिचर्ड स्टॉलमन यांना वारंवार खुलासा करावा लागला. मराठीत 'मोफत' आणि 'मुक्त' असे दोन निराळे शब्द सिद्ध असताना आपण ते सर्रास एकमेकांच्या जागी वापरतो आणि मग मोफत मिळालेल्या वस्तूवर कसली अट असेल, असा समज करून घेतो.

थेरगावच्या एका अंगाला हिंजवडी, तर दुसऱ्या अंगाला चिंचवड, भोसरी आणि पुढे चाकणची कारखानदारी. या परिसरातील विद्यार्थी अंतिम वर्षाच्या प्रकल्पासाठी एखाद्या लघुउद्योगाच्या मालसाठ्याची आज्ञावली रचतो. तीत पीएचपी, मायएसक्यूएल आणि इतरांनी लिहिलेल्या चार-दोन लायब्रऱ्या एकत्र बांधतो. हा प्रकल्प प्रयोगशाळेतच राहिला तर बहुधा प्रश्न उद्भवत नाही, कारण १९९१ च्या जीपीएल आवृत्ती २ मध्ये आज्ञावली नुसती चालवण्यावर बंधन घातलेले नाही. तीच गोष्ट भोसरीच्या कारखानदाराच्या हाती सीडीवर वा पेनड्राइव्हवर गेली, की तिचे 'वितरण' होते, आणि येथून दायित्व सुरू होते. प्रताधिकाराच्या सूचना जशाच्या तशा ठेवणे, परवान्याची प्रत सोबत देणे, जीपीएलखालील भागाचा सोर्स कोड बरोबर देणे किंवा तो देण्याची किमान तीन वर्षे वैध राहणारी लेखी हमी देणे, हे सर्व वितरकाने करावयाचे असते. पैसे घेतले की नाही, याचा या अटींशी संबंध नाही. विक्रीला जीपीएलची हरकत नाही.

खरी अडचण निराळी आहे. जीपीएलवर आधारलेली कृती वितरित करताना ती संपूर्णपणे जीपीएलखाली द्यावी लागते. मात्र एकाच तबकडीवर केवळ शेजारी ठेवलेल्या स्वतंत्र आज्ञावलीस हे लागू नाही, असे कलम २ सांगते. शेजार कोठे संपतो आणि एकच कृती कोठे सुरू होते, याची रेषा मात्र हा दस्तऐवज स्पष्ट आखत नाही. परवान्याच्या मसुद्यातील हा सर्वांत दुबळा भाग होय. त्याचा भार पडतो तो वकील न परवडणाऱ्या लहान व्यावसायिकावर. मायएसक्यूएल जीपीएलखाली तसेच व्यापारी परवान्याखालीही मिळते. ज्याला ही रेषा धूसर वाटते तो दुसरा परवाना विकत घेतो. संदिग्धता ही येथे उत्पन्नाचीही बाब आहे. परवाना न्यायालयात टिकत नाही अशी आशा कोणी बाळगू नये : म्युनिकच्या न्यायालयाने २००४ साली जीपीएलच्या अटी बंधनकारक मानल्या. आवृत्ती २ नुसार अटभंग होताच हक्क आपोआप संपुष्टात येतात. चूक सुधारून ते परत मिळवण्याची वाट २००७ च्या आवृत्ती ३ ने घालून दिली.

आपल्या महाविद्यालयांतून प्रकल्प-अहवालाच्या संदर्भसूचीतील स्वल्पविरामही तपासला जातो; प्रकल्पात कोणाची आज्ञावली कोणत्या परवान्याखाली आली, याचे एक पान मात्र कोणी मागत नाही. अहवालाच्या आरंभी 'हे माझे मूळ काम आहे' हे प्रतिज्ञापत्र असतेच.

फाँटच्या बाबतीत हा प्रश्न थेट मराठीच्या दारात येतो. रेड हॅटच्या पुणे येथील कार्यालयाशी निगडित असलेले लोहित फाँट प्रथम जीपीएलखाली होते. असा फाँट पीडीएफमध्ये अंतर्भूत झाला तर तो लेखही जीपीएलखाली येतो काय, अशी शंका निघे. तिच्या निरसनासाठी फ्री सॉफ्टवेअर फाउंडेशनने एक स्वतंत्र सवलत सुचवली होती. २०११ साली लोहित ओपन फाँट लायसन्सखाली आले. या परवान्याने फाँट वापरून तयार केलेले लेखन निःसंदिग्धपणे मोकळे ठेवले आहे. त्याची एक अट मात्र जवळजवळ नाममात्र आहे : फाँट एकटा विकता येत नाही, आज्ञावलीसोबत विकता येतो. सोबतची आज्ञावली कितीही क्षुल्लक असली तरी चालते, हे फाउंडेशननेच नमूद केले आहे.

नावासंबंधीची अट मात्र नाममात्र नाही. महाराष्ट्र शासनाच्या ६ नोव्हेंबर २००९ च्या निर्णयात मराठीसाठी पाकळीचा 'ल' आणि देठाचा 'श' प्रमाण मानला आहे. हिंदी वळणाचा एखादा मुक्त फाँट घेऊन त्यातील ही दोन अक्षरे बदलून आपल्या आज्ञावलीत बसवणे, हे येथील विकासकास सहज सुचणारे काम आहे आणि परवाना ते करूही देतो. मूळ कर्त्याने नाव राखून ठेवले असेल तर बदललेल्या फाँटला ते लावता येत नाही. फाँट त्याच परवान्याखाली पुढे द्यावा लागतो. आणि नाव बदलले तरी ज्याने मूळ अक्षरे रेखाटली त्याची प्रताधिकार-सूचना प्रत्येक प्रतीत तशीच ठेवावी लागते.