भाकीत आणि पायगुण : पुढारी, क्रीडाप्रेमी आणि चुकण्याची तयारी

प्रस्तावना

क्रीडा आणि राजकारण यांच्या परस्परसंबंधांवर आपल्याकडे जे लिहिले जाते, ते प्रामुख्याने संघटनांमधील सत्ताकारणाविषयी असते. पुढारी खेळाविषयी नेमके काय बोलतो आणि त्याचे ते बोलणे प्रेक्षक कसे वाचतो, हा प्रश्न सहसा गंभीर समीक्षेचा विषय मानला जात नाही. प्रस्तुत लेखात अशा बोलण्याच्या एका प्रकाराचा, म्हणजे सामन्यापूर्वी केलेल्या भाकिताचा, विचार केला आहे. भाकीत हीही एक संहिताच असते. तिला कर्ता असतो, वाचक असतो आणि कवितेला वा भाषणाला नसते अशी एक अडचणही असते. तिचा खरेखोटेपणा ठरलेल्या दिवशी, सर्वांसमक्ष निकालात निघतो. या अडचणीला आपले पुढारी कसे सामोरे जातात, किंवा सामोरे जाण्याचे कसे टाळतात, हे पाहणे उद्बोधक ठरेल.

व्हाइट हाउसमधील तक्ता

या प्रकाराचे सर्वांत ठळक उदाहरण परदेशातील आहे. अमेरिकेत दर वर्षी मार्च महिन्यात महाविद्यालयीन बास्केटबॉलची राष्ट्रीय स्पर्धा होते. ती बादफेरी पद्धतीची असल्यामुळे प्रत्येक सामन्याचा विजेता आधीच लिहून ठेवण्याचा छंद तेथे कार्यालयांपासून घरांपर्यंत सर्वत्र पसरलेला आहे. मुख्य स्पर्धेत ६४ संघ आणि ६३ सामने असतात. हा तक्ता किती प्रकारे भरता येईल याचा हिशेब केला तर एकोणीस अंकी संख्या येते. म्हणजे संपूर्ण तक्ता अचूक भरणे माणसाच्या आवाक्याबाहेरचे आहे, आणि चुकणार हे ठाऊक असूनच तो भरला जातो.

बराक ओबामा यांनी अध्यक्षपदाच्या पहिल्याच वर्षी, २००९ मध्ये, ईएसपीएन या वाहिनीच्या कॅमेऱ्यासमोर असा तक्ता स्वतःच्या हाताने भरला आणि पुढे आठही वर्षे हा परिपाठ चालू ठेवला. पहिल्या वर्षी त्यांनी नॉर्थ कॅरोलायना विद्यापीठाला विजेता ठरविले आणि तो संघ खरोखरच जिंकला. पुढील सात वर्षांत पुरुषांच्या स्पर्धेतील त्यांचा एकही विजेता खरा ठरला नाही. कॅन्सस विद्यापीठावर त्यांनी २०१०, २०११ आणि २०१६ असा तीनदा विश्वास टाकला आणि तीनही वेळा त्या संघाने तो फोल ठरविला. २०१० मध्ये तर नॉर्दर्न आयोवासारख्या तुलनेने अपरिचित संघाने कॅन्ससला दुसऱ्याच फेरीत घरी पाठविले. २०१५ मध्ये अपराजित केंटकी विस्कॉन्सिनकडून हरले.

यावर क्रीडाप्रेमींच्या ज्या प्रतिक्रिया उमटल्या, त्यांत तीन सूर स्पष्ट ऐकू येतात. पहिला चेष्टेचा. दुसरा, आपल्या विद्यापीठाला डावलल्याच्या रुसव्याचा. तिसरा सूर अधिक गंभीर होता. ड्यूक विद्यापीठाचे ख्यातनाम प्रशिक्षक माइक शिशेव्स्की यांनी २००९ मध्येच सुनावले की, अध्यक्षांनी या तक्त्यापेक्षा अर्थव्यवस्थेकडे अधिक लक्ष द्यावे. त्या वर्षी अमेरिका मंदीत होरपळत होती, हे ध्यानात घेतले की या टोल्याचे वजन कळते. अर्थात ओबामांनी ड्यूकला उपान्त्य फेरीपर्यंतही नेले नव्हते, हेही येथे नोंदविणे न्याय्य होईल. प्रशिक्षकाच्या अर्थशास्त्रात थोडा रुसवा मिसळला असणे अशक्य नाही.

या तक्त्यात राजकीय हिशेब नव्हता असे मानणे भाबडेपणाचे ठरेल. नॉर्थ कॅरोलायना हे राज्य ओबामांनी २००८ मध्ये अवघ्या १४ हजारांच्या आसपास मताधिक्याने जिंकले होते. २०१२ मध्ये, पुन्हा निवडणुकीच्या वर्षीच, त्यांनी पुन्हा याच विद्यापीठाची निवड केली. संघ मार्चमध्ये हरला. राज्यही नोव्हेंबरमध्ये रिपब्लिकन पक्षाकडे गेले. हिशेब असलाच तर तोही चुकला. तथापि प्रस्तुत लेखकाच्या मते या सर्व प्रकरणातील लक्षणीय गोष्ट वेगळीच आहे. जगातील सर्वांत सामर्थ्यवान पदावरील व्यक्तीने आपले मत आधी, लेखी आणि तारखेसह जाहीर केले, आणि ते चुकल्याचे शाळकरी मुलालाही पडताळता आले. पुढील अध्यक्ष डोनाल्ड ट्रम्प यांनी २०१७ मध्ये त्याच वाहिनीचे निमंत्रण नाकारले. त्यांनाही तो अधिकार होताच.

आपल्याकडील उद्घाटनाचा चेंडू

महाराष्ट्रात पुढारी आणि खेळ यांचे नाते याहून कितीतरी जुने आणि घट्ट आहे. विधानसभेचे अध्यक्षपद भूषविलेल्या शेषराव वानखेडे यांच्या नावाचे स्टेडियम मुंबईत १९७० च्या दशकात उभे राहिले. २००१ मध्ये मुंबई क्रिकेट असोसिएशनच्या अध्यक्षपदासाठी शरद पवार आणि अजित वाडेकर समोरासमोर उभे ठाकले. १९७१ मध्ये वेस्ट इंडीज आणि इंग्लंड या दोन्ही भूमींवर मालिका जिंकून देणारा कर्णधार त्या निवडणुकीत पराभूत झाला. २०११ मध्ये विलासराव देशमुख यांनी दिलीप वेंगसरकर यांचा पराभव केला. या निवडणुकांत मतदार असतात ते प्रामुख्याने संलग्न क्लब. तिकीट काढून उन्हात बसणाऱ्या प्रेक्षकाला मत नसते. लोढा समितीच्या शिफारशी सर्वोच्च न्यायालयाने २०१६ मध्ये स्वीकारल्या, तेव्हा मंत्र्यांना आणि सत्तरी ओलांडलेल्यांना पदाधिकारी होण्यास मनाई झाली. मात्र व्यासपीठावरील खुर्ची कोणत्याही समितीला हलविता आलेली नाही.

असे असूनही आपला पुढारी सामन्याचे भाकीत करीत नाही. तो शुभेच्छा देतो, चषकाला आपले नाव देतो, बक्षिसाची रक्कम जाहीर करतो. भिवंडी तालुक्यातील गावागावांत हिवाळ्यात टेनिस चेंडूच्या क्रिकेट स्पर्धा आणि कबड्डीचे सामने भरतात. 'आमदार चषक', 'खासदार चषक' अशा नावांचे फलक रस्त्याच्या दुतर्फा लागतात. उद्घाटनासाठी आलेले साहेब हातात बॅट घेतात, एक कार्यकर्ता खालून अलगद चेंडू टाकतो, ध्वनिक्षेपकावरून षटकार घोषित होतो. उद्घाटनाच्या या चेंडूवर आजवर कोणी पुढारी बाद झाल्याचे निदान प्रस्तुत लेखकाच्या तरी ऐकिवात नाही. ओबामांच्या तक्त्याशी तुलना करायची तर ती या चेंडूशी करावी लागेल. दोन्ही ठिकाणी पुढारी प्रेक्षकांच्या खेळात शिरतो. एका ठिकाणी तो बाद होऊ शकतो, दुसऱ्या ठिकाणी त्याची शक्यताच ठेवलेली नसते.

भाकीत टाळण्यामागे आपल्या मातीतले आणखी एक कारण असावे. मुंबई परिसरात सामन्याचा निकाल आधी सांगण्याला सट्ट्याचा वास येतो. न्यूयॉर्कच्या कापूस बाजारातून येणाऱ्या भावांवर येथे आकडा लावला जात असे. तो मार्ग बंद पडल्यावर १९६० च्या दशकात मटका आला. सुताच्या भावातील चढउतारावर जगणाऱ्या आपल्या यंत्रमागनगरीला अंदाजाचे मोल आणि अंदाजाची झळ दोन्ही ठाऊक आहेत. पुढे भाकिताचा हाच छंद मोबाइलवर आला. मुंबईत २००८ मध्ये स्थापन झालेल्या ड्रीम इलेव्हनच्या खेळात कौशल्य आहे असे मुंबई उच्च न्यायालयाने २०१९ मध्ये मान्य केले. २०२५ मध्ये संसदेने पैसे लावून खेळल्या जाणाऱ्या ऑनलाइन खेळांवर बंदी घालणारा कायदा केला. तात्पर्य, मधली काही वर्षे माग चालविणारा कामगारसुद्धा रात्रपाळीच्या चहाच्या वेळात पदरचे पैसे लावून भाकीत करीत होता आणि चुकल्यास त्याची किंमत मोजत होता. ज्याला काहीच मोजावे लागले नसते, तो मात्र शुभेच्छांवर थांबला.

विजयानंतर चित्र पालटते. ५ जुलै २०२४ रोजी विधानभवनात टी-ट्वेंटी विश्वविजेत्या संघातील रोहित शर्मा, सूर्यकुमार यादव, शिवम दुबे आणि यशस्वी जयस्वाल यांचा सत्कार झाला. सूर्यकुमारने आपल्या सीमारेषेवरील झेलाचे वर्णन मराठीत केले, रोहितने त्यावर मिस्कील टिप्पणी केली आणि सभागृह हसले. तत्कालीन मुख्यमंत्री एकनाथ शिंदे यांनी संघाला ११ कोटी रुपये जाहीर केले आणि झेलाची सांगड आपल्या पन्नास जणांच्या राजकीय संघाशी घातली. भारतीय क्रिकेट नियामक मंडळाने आधीच १२५ कोटी दिलेले असताना राज्याच्या तिजोरीतून ही रक्कम कशासाठी, असा प्रश्न विरोधी पक्षनेते विजय वडेट्टीवार यांनी उपस्थित केला. प्रश्न रास्त होता. झेल मैदानावर एकदा घेतला गेला. विधानभवनात तो पुन्हा वेगळ्याच हातांनी घेतला गेला.

प्रेक्षकाचे प्रत्युत्तर

विजयात वाटा मागणाऱ्याच्या पदरात पराजयही टाकणे, हे प्रेक्षकाचे स्वाभाविक प्रत्युत्तर होय. १९ नोव्हेंबर २०२३ रोजी अहमदाबाद येथे विश्वचषकाच्या अंतिम सामन्यात, सलग दहा सामने जिंकून आलेला भारतीय संघ ऑस्ट्रेलियाकडून सहा गडी राखून पराभूत झाला. पंतप्रधान नरेंद्र मोदी त्यांच्याच नावाच्या स्टेडियममध्ये उपस्थित होते. 'पनवती' हा शनीच्या पीडेशी जोडलेला शब्द त्या रात्रीच लोकांच्या तोंडी झाला. दोन दिवसांनी राहुल गांधी यांनी राजस्थानातील प्रचारसभेत तो उच्चारला, भारतीय जनता पक्षाने तक्रार केली आणि निवडणूक आयोगाने त्यांना नोटीस बजावली. त्याच आठवड्यात ममता बॅनर्जी यांनी सामना कोलकात्यात किंवा वानखेडेवर झाला असता तर भारत जिंकला असता, असे विधान केले. हेही एक भाकीतच, फक्त निकालानंतर केलेले. त्यामुळे ते कधीच चुकू शकत नाही.

'पनवती'ची तर्करचना तपासून पाहण्यासारखी आहे. उपस्थितीने विजय मिळतो हे गृहीत धरले तर उपस्थितीने पराजयही होतो, हे नाकारता येत नाही. म्हणजे श्रेय घेणारा पुढारी आणि पायगुण काढणारा प्रेक्षक एकाच गृहीतकावर उभे आहेत. म्हणूनच या शब्दातील विडंबन प्रभावी ठरते, आणि म्हणूनच ते अपुरेही ठरते. विडंबनाच्या ओघात मूळ अंधश्रद्धा शाबूतच राहते.

दुसऱ्या दिवशी प्रथम वर्षाच्या वर्गात हाच विषय निघाला. मुले हसत होती. मागच्या बाकावरील एक विद्यार्थिनी उभी राहून म्हणाली, "सर, आमच्याकडे पायगुण नव्या सुनेला चिकटवतात. तिला कोणी नोटीस पाठवून सोडवत नाही." वर्ग शांत झाला. त्या दिवशीचे माझे व्याख्यान क्रीडेतील प्रतीकांविषयी होते. ते मी तेथेच थांबविले. पांढऱ्या पायाची ठरविली गेलेली सून आणि पनवती ठरविला गेलेला सत्ताधीश यांना एकच शब्द लागू होतो, पण त्याचे ओझे सारखे नसते, ही गोष्ट तिने एका वाक्यात सांगितली होती.

येथे दोन महाराष्ट्रीय नावांचे स्मरण होते. नरेंद्र दाभोलकर हे अंधश्रद्धा निर्मूलनाचे नेते म्हणून परिचित असले तरी ते उत्तम कबड्डीपटूही होते, ज्या खेळात पकड झाली की वाद संपतो. जयंत नारळीकर यांनी दाभोलकर व इतर सहकाऱ्यांसह पुण्यात फलज्योतिषाची एक चाचणी घेतली. मतिमंद मुले आणि हुशार विद्यार्थी अशा दोन गटांच्या मिळून २०० कुंडल्या जमविल्या आणि कोणती कुंडली कोणत्या गटातील ते ओळखण्यास ज्योतिषांना सांगितले. २७ जणांनी उत्तरे पाठविली. यशाचे प्रमाण ४६ टक्क्यांच्या आसपास निघाले. नाणे उडवूनही साधारण तेवढेच साधते. त्या २७ जणांविषयी मला मात्र आदर वाटतो. त्यांनी उत्तर आधी लेखी दिले.

राजकारणातील भाकितांना हीच कसोटी लावली तर काय दिसते? २०२४ च्या लोकसभा निवडणुकीपूर्वी राज्यात ४८ पैकी ४५ हून अधिक जागांचा दावा महायुतीकडून केला जात होता. प्रत्यक्षात १७ मिळाल्या. देवेंद्र फडणवीस यांनी जबाबदारी स्वीकारून आपल्याला सरकारमधून मोकळे करण्याची विनंती पक्षश्रेष्ठींना केली. ती मान्य झाली नाही, आणि त्याच वर्षी विधानसभेत महायुतीला प्रचंड बहुमत मिळाले. चुकलेल्या आकड्याची शिक्षा मतदाराने केली नाही. मते आकड्यावर पडत नसावीत, किंवा आकडा कोणी गांभीर्याने ऐकतच नसावे. दुसरी शक्यता अधिक चिंताजनक आहे, कारण मग घोषणा आणि उद्घाटनाचा चेंडू यांत फरक राहत नाही.

गेल्या हिवाळ्यात तालुक्यातील एका गावच्या स्पर्धेला पाहुणा म्हणून जाण्याचा योग आला. संयोजकांना मी सुचविले की, साहेबांना षटकार मारायला लावण्याऐवजी धावफलकावर विजेत्या संघाचे नाव खडूने लिहायला सांगावे. रात्री अंतिम सामना झाला की सगळे मिळून पाहतील. तरुण मंडळी खूश झाली. त्यांच्यातील एक ज्येष्ठ मात्र बराच वेळ फलकाकडे पाहत राहिले. मग म्हणाले, "सर, कल्पना चांगली आहे. पण सोळा संघ आहेत, सोळा गावांचे. साहेबांनी एकाचं नाव लिहिलं, तर उरलेल्या पंधरा गावांत पुन्हा जायचं कुणी?"