आठ बुरुजांचा कोट

ऑगस्ट 1914 च्या अखेरीस पूर्व प्रशियात जर्मन फौजांनी सॅमसोनोव्हच्या रशियन सैन्याला घेरून त्याचा फडशा पाडला. हजारो रशियन सैनिक कैद झाले आणि सॅमसोनोव्हने रानात स्वतःवर गोळी झाडून घेतली. लढाई मैलोन्मैल पसरलेली होती, तिला कुठल्याही गावाचे नाव देता आले असते. निवडले गेले टॅनेनबर्ग. 1410 साली याच मुलखात पोलिश-लिथुआनियन सैन्याने जर्मन ट्यूटॉनिक सरदारांचा पाडाव केला होता, त्याचा सूड पाचशे वर्षांनी उगवला असे जगाला सांगायचे होते. विजयाचे श्रेय सेनापती हिंडेनबर्गकडे गेले. त्याच्या हाताखालचा हॉफमन पुढे पाहुण्यांना रणभूमी दाखवताना म्हणे की, सेनापती लढाईपूर्वी इथे झोपले, लढाईनंतर तिथे झोपले आणि लढाई चालू असताना पलीकडे झोपले!

म्हणजे या लढाईच्या स्मारकाची वीट रचली जाण्याआधीच दंतकथा तयार होती. होहेनश्टाइन गावाजवळ 1924 मध्ये हिंडेनबर्गनेच पायाभरणी केली. 18 सप्टेंबर 1927 ला उद्घाटनही त्यानेच केले, तेव्हा तो जर्मनीचा राष्ट्राध्यक्ष होता. त्या भाषणात त्याने महायुद्धाचा दोष जर्मनीच्या माथी मारायला साफ नकार दिला. समारंभ मृतांचा होता, बोलणे राजकारणाचे.

तरीही वास्तूकडे वास्तू म्हणून पाहू. वॉल्टर आणि योहानेस क्रूगर या बर्लिनच्या वास्तुविशारद बंधूंनी सपाट शेतजमिनीवर लाल विटांचा अष्टकोनी कोट उभारला. सुमारे वीस मीटर उंचीचे आठ चौकोनी बुरूज आणि त्यांना जोडणारी भिंत. वीट हे त्या प्रदेशाचे जुनेच साहित्य. ट्यूटॉनिक सरदारांचा मारियनबुर्ग किल्ला विटांचाच, तिथली मध्ययुगीन चर्चेही विटांची. त्यामुळे नवी इमारत पहिल्या दिवसापासून जुनी वाटली, आणि तिचा दावाही तोच होता. बांधणीची कल्पना मात्र आणखी मागे जाते. तिच्यात स्टोनहेंजचे शिळावर्तुळ आहे आणि दुसऱ्या फ्रेडरिक सम्राटाचा इटलीतला अष्टकोनी किल्ला कास्तेल देल मोंतेही आठवतो.

माझ्या मते यातली खरी कारागिरी भिंतीत नाही, भिंतीने राखलेल्या रिकाम्या जागेत आहे. बाहेरून पाहणाऱ्याला किल्ला दिसतो, म्हणजे काहीतरी राखायचे आहे असे वाटते. आत शिरल्यावर मोकळे अंगण, डोक्यावर आकाश आणि मधोमध एक उंच क्रूस. क्रूसाखाली वीस अनाम जर्मन सैनिकांची कबर. विजयाच्या स्मारकात अश्वारूढ सेनापती असावा, विजयकमान असावी ही युरोपची जुनी रीत. तसले काही इथे मध्यभागी नव्हते. ज्यांची नावेही उरली नाहीत अशांभोवती आठ बुरूज पहारा देत होते. विटेचा रंग, बुरुजांचे कोरे पृष्ठभाग, त्यांच्या सावल्या, सगळे त्या कबरीकडे बोट दाखवणारे. ज्याला विजयाचा अभिमान मिरवायचा तो कोटाबाहेर मिरवो, आत शोकच असेल, असे ही रचना म्हणते. तिच्या कर्त्यांना एवढे अभिप्रेत होते का, हा वेगळा प्रश्न. चांगली रचना पुष्कळदा कर्त्यापेक्षा शहाणी असते.

मग संपादक आला.

2 ऑगस्ट 1934 ला हिंडेनबर्ग वारला. पत्नीशेजारी साधेपणाने पुरावे, ही त्याची इच्छा. हिटलरला ती परवडणारी नव्हती. 7 ऑगस्टला टॅनेनबर्गच्या अंगणात भव्य अंत्यविधी झाला, हिटलरने मृत सेनापतीला जर्मन पुराणातल्या वीरांच्या स्वर्गात धाडले; राष्ट्राध्यक्षपदाचे अधिकार त्याने आधीच आपल्याकडे घेतले होते. पुढच्या वर्षी 2 ऑक्टोबरला, हिंडेनबर्गच्या जन्मदिनी, स्मारक 'राइशचे मानस्मारक' म्हणून जाहीर झाले. क्रूगर बंधूंनीच फेरबदल केले. अंगण खाली उतरवून भोवती पायऱ्या केल्या. मधला क्रूस गेला, वीस अनाम सैनिक तिथून उचलून तळघरातल्या बाजूच्या दालनांत ठेवले गेले. एका बुरुजाखाली हिंडेनबर्ग दांपत्याची समाधी झाली. तिच्या दारावर ग्रॅनाइटचा अवाढव्य शिळाखंड आणि त्यावर एकच शब्द, सेनापतीचे आडनाव. दाराच्या दोन्ही बाजूंना दगडी पहारेकरी.

इतकी निर्दय दुरुस्ती क्वचितच पाहायला मिळते. पूर्वीच्या रचनेत डोळा मध्याकडे जाऊन खाली झुकत होता. आता मध्य रिकामा पडला आणि डोळा एका नावाकडे वर उचलला गेला. अंगणाची पोकळी आधी शोकासाठी होती, आता ती रांगेत उभ्या राहणाऱ्या माणसांसाठी झाली. भिंती त्याच, बुरूज तेच, अर्थ उलटा. दगडी पहारेकऱ्यांबद्दल फार बोलण्यात अर्थ नाही, त्या काळच्या सरकारी शिल्पकलेत असे जाडजूड गडी सगळीकडे भेटतात. पण मूळ कर्त्यांनीच आपली कलाकृती अशी पालटावी, याचे वाईट वाटते.

मात्र 1927 च्या रूपाला निष्पाप म्हणणेही खरे नाही. ज्या कोटात वीस अनाम सैनिकांना जागा होती, त्यात एका नावाचीही जागा आधीपासून तयार होती, कारण पायाच्या दगडापासून उद्घाटनापर्यंत एकच माणूस पुढे होता.

जानेवारी 1945 मध्ये रशियन फौजा जवळ आल्या तेव्हा पहिला सुरुंग जर्मनांनीच लावला. हिंडेनबर्ग दांपत्याच्या शवपेट्या आधीच हलवल्या होत्या. समुद्रमार्गे नेऊन त्या थुरिंगियातल्या बेर्नटेरोडेच्या मिठाच्या खाणीत दडवल्या गेल्या. तिथे प्रशियाचे राजे पहिला फ्रेडरिक विल्यम आणि फ्रेडरिक द ग्रेट यांच्याही शवपेट्या होत्या. अमेरिकन सैनिकांना त्या सापडल्या, आणि 1946 मध्ये हिंडेनबर्ग पती-पत्नी मारबुर्गच्या एलिझाबेथ चर्चमध्ये विसावले. उरलेले स्मारक आता पोलंडच्या हद्दीत आले होते; ते पोलिश सरकारने 1949 पासून पाडायला घेतले आणि विटा-दगड अनेक वर्षे जात राहिले. यात निव्वळ खुनशीपणा शोधू नये. जर्मनांनीही क्राकोव्हमधले 1410 च्या विजयाचे पोलिश स्मारक दुसऱ्या महायुद्धाच्या सुरुवातीलाच उद्ध्वस्त केले होते. ते पुन्हा उभे राहिले ते 1976 मध्ये.

टॅनेनबर्गचा ग्रॅनाइट ओल्श्टिन शहरात लाल सेनेप्रती कृतज्ञतेच्या स्मारकात बसवला गेला. ते 1954 चे, शिल्पकार क्सावेरी दुनिकोव्स्की, जो आउश्वित्झमधून जिवंत परतला होता. ओल्श्टिनकर त्या स्मारकाला 'फाशीचे खांब' म्हणतात. काही दगड वॉर्सात कम्युनिस्ट पक्षाच्या मुख्यालयाला लागले. राजवट बदलल्यावर 1991 मध्ये त्याच इमारतीत शेअर बाजार भरू लागला.

होहेनश्टाइन आज पोलंडचे ओल्श्टिनेक आहे. स्मारकाचा एक दगडी सिंह तिथल्या चौकात उभा आहे, पर्यटक त्याच्याजवळ फोटो काढून पुढे जातात. तुम्ही गेलात तर सिंहावर समाधान मानू नका. गावाबाहेरच्या झाडीत जा, जमिनीतला खळगा शोधा आणि मध्यावर उभे राहून ठरवा, ही जागा वीस जणांची होती की एकाची.