अॅनस्ली घराण्याचा किताब : निवाडा आणि पुरावा

उत्तर पेशवाईच्या अभ्यासकांस लॉर्ड व्हॅलेंशिया हें नांव अपरिचित नाहीं. इ. स. १८०४ मध्यें हा आयरिश घराण्यांतील प्रवासी पुण्यास आला, दुसऱ्या बाजीरावाची त्यानें भेट घेतली, आणि १८०९ सालीं तीन खंडांत छापलेल्या आपल्या प्रवासवृत्तांत त्या भेटीची हकीकत नमूद केली. या वृत्ताचा आधार घेणारे पुष्कळ आहेत. परंतु 'व्हॅलेंशिया' हा किताब त्या गृहस्थाकडे कोणत्या नात्यानें आला, याची चौकशी सहसा कोणी करीत नाहीं. ती केली असतां किताब, निवाडा आणि प्रत्यक्ष घडलेली गोष्ट या तीन निराळ्या वस्तू आहेत, हें जितकें स्पष्ट दिसतें तितकें क्वचितच इतरत्र दिसेल. वंशावळ्या व निवाडपत्रें जमविणाऱ्यांस म्हणून हें प्रकरण मननीय आहे.

प्रथम घराण्याचा विस्तार पाहूं. व्हायकाउंट व्हॅलेंशिया हा आयर्लंडचा किताब १६२१ सालीं सर हेन्री पॉवर यास मिळाला. पुढील वर्षीं असा लेख झाला कीं, पॉवरच्या पश्चात् तोच किताब त्याचा आप्त सर फ्रान्सिस अॅनस्ली यास मिळावा. त्याप्रमाणें १६४२ मध्यें तो अॅनस्लीकडे आला. फ्रान्सिसचा पुत्र आर्थर यास १६६१ त अर्ल ऑफ अँग्लसी केलें. हा किताब मात्र इंग्लंडचा. आर्थरचा एक धाकटा मुलगा १६८१ त आयर्लंडचा बॅरन अल्थम झाला. म्हणजे एकाच रक्ताच्या घराण्यांत दोन राज्यांचे किताब आले, आणि त्यांच्या वारशाचा निर्णय करणाऱ्या सभाही दोन झाल्या : एक डब्लिनची उमरावसभा व दुसरी लंडनची. पुढील सर्व गुंतागुंतीचें बीज येथें आहे.

चौथा बॅरन अल्थम, आर्थर, याचें लग्न १७०७ सालीं बकिंगहॅमच्या ड्यूकची अनौरस कन्या मेरी शेफील्ड हिच्याशीं झालें. १७१७ त नवराबायको विभक्त झालीं. बॅरन १७२७ च्या नोव्हेंबरांत वारला व त्याचा भाऊ रिचर्ड यानें किताब घेतला. त्या वेळीं डब्लिनच्या रस्त्यांतून जेम्स नांवाचा बारा वर्षांचा एक मुलगा निराधार फिरत होता. हा मयत बॅरनचा मुलगा, याविषयीं फारसा वाद नव्हता; वाद आईविषयीं होता. १७२८ सालीं रिचर्डनें त्या मुलास पकडवून जहाजावर घातलें व अमेरिकेस मुदतबंद गुलामगिरींत धाडलें. तेथें तो सुमारें बारा वर्षें राबला. १७४० त तो जमेकास जाऊन अॅडमिरल व्हर्ननच्या आरमारांत शिरला, आणि तेथून पुढें इंग्लंडास परतला. मधल्या काळांत, १७३७ त, चुलता अर्ल ऑफ अँग्लसीही झाला होता.

जेम्सनें डब्लिनच्या एक्स्चेकर न्यायालयांत दावा लावला. त्याची सुनावणी १७४३ च्या नोव्हेंबरांत झाली व ती पंधरा दिवस चालली. या दाव्याचें स्वरूप नीट ध्यानांत घेतलें पाहिजे. तो किताबाचा दावा नव्हता. मीथ परगण्यांतील कांहीं जमिनीच्या कबजासाठीं, तत्कालीन पद्धतीस अनुसरून, कॅम्बेल क्रेग नामक कुळाच्या नांवानें तो चालविलेला होता. मुद्दा एकच : जेम्स हा लेडी अल्थमचा औरस पुत्र, कीं जोन लँडी या चाकर स्त्रीचा मुलगा? लेडी अल्थम १७२९ तच वारली होती. डनमेन येथील वाड्यांत बाळंतपण झालें काय, हें ठरविण्याचा सारा भार सुमारें अठ्ठावीस वर्षांमागील गोष्टी आठवून सांगणाऱ्या चाकरमाणसांच्या व शेजाऱ्यांच्या तोंडी साक्षींवर पडला. एका पक्षाचे साक्षीदार गर्भारपण व बारसें डोळ्यांनीं पाहिल्याचें सांगत. दुसऱ्या पक्षाचे लेडीस मूल झालेंच नाहीं अशी शपथ घेत. पंचांनीं जेम्सच्या बाजूनें कौल दिला.

येथपर्यंत कथा सर्वश्रुत आहे, आणि बहुतेक लेखक येथेंच थांबून जेम्सला 'खरा अर्ल' म्हणून मोकळे होतात. परंतु पुढील कागद वाचल्याशिवाय हा निष्कर्ष काढणें युक्त नाहीं. लेडी अल्थमची दासी मेरी हीथ हिनें आपल्या धनिणीस मूल झालें नाहीं अशी साक्ष दिली होती. तीबद्दल तिच्यावर खोट्या शपथेचा खटला झाला आणि पंचांनीं तिला निर्दोष सोडलें. छापील ग्रंथांत या खटल्याचें साल कोठें १७४४ व कोठें १७४५ आढळतें. ही चूक नव्हे. १७५२ पूर्वीं तिकडे कायद्याचें वर्ष २५ मार्चला सुरू होई. म्हणून फेब्रुवारींतील हा खटला जुन्या गणनेनें १७४४ त व आजच्या गणनेनें १७४५ त पडतो. सारांश, त्याच शहरांत, सव्वा वर्षाच्या आंत, दोन पंचमंडळांनीं एकमेकांशीं न जुळणारे कौल दिले. खोट्या शपथेचा आरोप शाबीत करण्यास अधिक कडक पुरावा लागतो हें खरें. तरीही पहिल्या कौलास निर्णायक मानण्यास दुसरा कौल आडवा येतो.

दुसरी सावधगिरी ग्रंथांविषयीं. 'मेम्वार्स ऑफ अॅन अन्फॉर्च्युनेट यंग नोबलमन' हें पुस्तक १७४३ त, सुनावणीच्या आधींच, छापून निघालें होतें. त्यांत नांवें बदलून कथा रंगविली आहे. पुढील कित्येक चरित्रकारांनीं त्यांतील प्रसंग जसेच्या तसे उचलले. खटल्याच्या वृत्तांत जें नाहीं व या पुस्तकांत मात्र आहे, तें पुराव्यांत धरतां येत नाहीं. अलीकडे, २०१० सालीं, रॉजर एकर्च यांनीं 'बर्थराइट' या ग्रंथांत या प्रकरणाची नव्यानें मांडणी करून जेम्सचा हक्क खरा मानला आहे. आमचाही कल तिकडेच आहे, परंतु त्याचें कारण साक्षीदारांची संख्या नव्हे, चुलत्याचें वर्तन होय. अनौरस पुतण्या किताबास कधींच आड येत नाहीं. मग त्याला समुद्रापार धाडण्याचें प्रयोजन काय? १७४२ त जेम्सच्या हातून बंदुकीचा बार लागून एक मनुष्य मेला, तेव्हां त्याला फांशीं चढविण्यासाठीं दहा हजार पौंड खर्च झाले तरी चालतील, असें रिचर्ड म्हणाल्याची साक्ष त्याच्याच वकिलानें, गिफर्डनें, दिली. तोतयाच्या भीतीनें कोणी इतका खर्च करीत नाहीं. तथापि हें अनुमान आहे; संभव बलवत्तर होतो, सिद्धि होत नाहीं. मुलाचें अपहरण मात्र निःसंशय मानावें.

जमिनीचा कौल मिळूनही जेम्सला किताब मिळाला नाहीं. चुलत्यानें प्रकरण लांबविलें, पुतण्याजवळ पैसा नव्हता; १७६० त तो वारला व पुढील वर्षीं रिचर्ड वारला. आतां प्रश्न रिचर्डच्याच मुलाचा उभा राहिला. हा आर्थर १७४४ चा जन्मलेला. त्याची आई जुलियाना डोनोव्हन हिच्याशीं १७४१ त गुप्तपणें लग्न झाल्याचा दाखला पुढें करण्यांत आला. उघड लग्न १७५२ चें. डब्लिनच्या उमरावसभेनें दाखला मानला व आर्थरला व्हायकाउंट व्हॅलेंशिया म्हणून बसविलें. लंडनच्या सभेनें १७७१ त अर्लपदाचा त्याचा हक्क शाबीत नसल्याचें ठरविलें, आणि तो किताब बुडाला. डब्लिनकरांनीं प्रकरण पुन्हा तपासलें व आपलाच निर्णय कायम ठेवला. एकच लग्न, एकच दाखला. तें लग्न एका राज्यांत खरें व दुसऱ्यांत असिद्ध! ज्यानें पुतण्याचें औरसत्व नाकारलें, त्याच्याच पुत्राच्या औरसत्वावर शंकेचा शिक्का बसावा, हा योगायोग विलक्षण खरा. पण त्यांत दैवी न्याय पाहणें हें इतिहासकाराचें काम नव्हे.

याच आर्थरला १७९३ त अर्ल ऑफ माउंटनॉरिस हा नवा आयरिश किताब मिळाला. पुण्यास आलेला जॉर्ज अॅनस्ली हा त्याचा वडील मुलगा. बाप १८१६ पर्यंत हयात असल्यामुळें १८०४ त 'व्हायकाउंट व्हॅलेंशिया' हा किताब कायद्यानें बापाचाच होता. वडील पुत्रानें तो शिष्टाचारानें लावावयाचा, एवढेंच. जॉर्ज १८४४ त वारला. त्याच्यामागें पुत्र उरला नव्हता. म्हणून माउंटनॉरिसचें अर्लपद बुडालें, आणि व्हॅलेंशिया हा जुना किताब दूरच्या भाऊबंदाकडे गेला.

तात्पर्य, निवाडपत्र हातीं आलें म्हणजे इतकेंच सिद्ध होतें कीं, अमुक दिवशीं अमुक सभेनें अमुक ठरविलें. ती सभा कोणती, तिच्यापुढें मुद्दा कोणता होता, जमिनीचा कीं किताबाचा, आणि त्याच मुद्द्यावर अन्यत्र काय ठरलें, हें पाहिल्यावांचून त्यावरून वंशावळ लिहूं नये. उलट, बापाच्या किताबाविषयीं शंका आहे म्हणून मुलाच्या प्रवासवृत्ताची किंमत कमी करणेंही गैर. बाजीरावाची भेट जॉर्जनें स्वतः घेतली; त्या साक्षीची परीक्षा तिच्या गुणदोषांवरच झाली पाहिजे. मात्र आपल्या संग्रहाच्या यादींत त्याचें नांव घालतांना 'जॉर्ज अॅनस्ली, शिष्टाचारानें व्हायकाउंट व्हॅलेंशिया, १८१६ पासून अर्ल ऑफ माउंटनॉरिस' असें घालावें. नाहीं तर पुण्यास आलेला हा लॉर्ड त्याचा बाप होता, असा घोटाळा व्हावयाचा.