साहित्यातील समुद्र आणि खलाशाची झोप

सिंदबाद जहाजीची गोष्ट शिकवताना मी मुलांना एक प्रश्न हमखास विचारतो. सिंदबाद जहाजावर काम काय करीत होता? ओतूरच्या आमच्या बहुतेक मुलांनी समुद्र पाहिलेला नसतो, तरी उत्तर बिनचूक येते, "सर, काहीच नाही. तो तर ताजिर होता!" खरेच आहे. नाव जहाजी असले तरी तो व्यापारी आहे. शिडे ओढणारे हात दुसऱ्यांचे. ते बुडतात आणि गोष्ट पुढे जाते. या कथेत दमलेला माणूस एकच, ओझे उतरवून सिंदबादच्या दारात टेकलेला हमाल. 'अलिफ लैला'ला बगदादच्या रस्त्यावरचा थकवा दिसला, जहाजावरचा दिसला नाही.

मराठीचेही तसेच झाले आहे. सावरकरांच्या 'सागरास' (१९०९) या कवितेत समुद्र मातृभूमीच्या विरहाचा साक्षी आहे. कुसुमाग्रजांच्या 'विशाखा'तील (१९४२) 'कोलंबसाचे गर्वगीत' हे नावाप्रमाणे कप्तानाचे गीत आहे. ऑक्टोबर १४९२ मध्ये त्याचे कंटाळलेले खलाशी मागे फिरण्याचा हट्ट धरून होते. त्यांची बाजू काव्यात आली नाही. विश्राम बेडेकरांची 'रणांगण' (१९३९) जहाजावर घडते, पण ती उतारूंची कथा आहे. या कृतींचे मोठेपण मी नाकारीत नाही. त्यांचा विषयच वेगळा होता.

पण आपले काय? मुंबईहून सुटणाऱ्या इंग्रजी आगबोटींच्या डेकवर रत्नागिरीकडचे मुस्लिम खलाशी पिढ्यान्‌पिढ्या राबले. १९९० मध्ये सोलापूरला पहिले मुस्लिम मराठी साहित्य संमेलन भरले. त्यानंतर आपल्या लेखनात दंगल आली, तलाक आला, बेकारी आली. माझ्या वाचनातल्या कोकणच्या कथांत मनिऑर्डर येते, परदेशी अत्तर येते, वाट पाहणारी बायको येते. खलाशी मात्र रजेवर घरी आला की मगच कथेत शिरतो. त्याचे काम कथेबाहेरच राहते.

माझे दूल्हाभाई श्रीवर्धनचे. अठरा वर्षे मालवाहू जहाजावर होते. घरी आले तरी रात्री बाराला उठून बसत. बारा ते चारची पाळी अंगात मुरलेली. आपा म्हणे, "हे घरी आलेत, झोप अजून आलेली नाही." रक्तदाब जडला, चिडचिड वाढली. जहाजावरच्या विश्रांतीच्या तक्त्यात मात्र त्यांच्याच सहीने रोजची दहा तासांची विश्रांती पूर्ण होती.

२००६ चा सागरी श्रम करार भारताने २०१५ मध्ये स्वीकारला. त्यातील विश्रांतीच्या हिशेबाने चोवीस तासांत किमान १० आणि आठवड्यात ७७ तास विश्रांती हवी. स्वीडनमधील जागतिक सागरी विद्यापीठाच्या २०२० च्या अहवालाने दाखवले, की हे तक्ते सर्रास 'जुळवून' भरले जातात. माणसे कमी, बंदरे जवळजवळ, तपासणी कागदाची. त्याच वर्षी कोविडमुळे सुमारे चार लाख खलाशी करार संपूनही जहाजावर अडकले होते.

म्हणजे जहाजावरचा कागद कल्पित लिहितो आहे. मग खरे लिहिण्याचे काम आपल्या कथेकडे येते. त्यासाठी लेखकाने मोठा समुद्र पाहिलाच पाहिजे असे नाही. रात्री बाराला उठून बसलेल्या माणसाशेजारी बसून त्याला विचारले, तरी सुरुवात होईल. मी स्वतः ते कधी विचारले नाही. या सुट्टीत श्रीवर्धनला जाणार आहे.