फुलराणीची वाणी

कपड्यांवरून मनुष्याची प्रतिष्ठा ठरविण्याची चाल जुनी आहे. पण कपडे उसने आणतां येतात. अंगांत इस्त्रीचा सदरा आणि पायांत चांगले बूट घालून कोणीहि चार प्रतिष्ठितांच्या बैठकींत तासभर गप्प बसला, तर त्याचें पितळ सहसा उघडें पडत नाहीं. परंतु तो बोलूं लागला कीं पहिल्या दोन वाक्यांतच त्याचें गांव, त्याची शाळा, त्याच्या घरची चूल, आणि पुष्कळदां त्याची जातहि, ऐकणारांनीं मनांतल्या मनांत नोंदून ठेवलेली असते. आपल्याकडे तर ह्या कामाला दोन वाक्यांचीहि गरज नाहीं; एक अक्षर पुरतें. ‘पाणी’ म्हणणारा माजघरांत आणि ‘पानी’ म्हणणारा ओसरीवर, अशी आपल्या मनाची व्यवस्था झालेली आहे.

ह्या विषयावरचीं दोन नाटकें मराठी वाचकांच्या चांगल्या परिचयाचीं आहेत. एक बर्नार्ड शॉ यांचें ‘पिग्मॅलियन’. तें १९१३ सालीं प्रथम व्हिएन्ना येथें जर्मन भाषांतराच्या रूपानें रंगभूमीवर आलें आणि १९१४ सालीं लंडनांत इंग्रजींत झालें. दुसरें, त्याच्याच आधारानें पु. ल. देशपांडे यांनीं लिहिलेलें ‘ती फुलराणी’. हें १९७५ सालीं आलें, आणि भक्ती बर्वे यांनीं उभी केलेली मंजुळा ज्यांनीं पाहिली त्यांस तिचा विसर पडणें कठीण. भाषाशास्त्राचा एक गर्विष्ठ पंडित रस्त्यावर फुलें विकणाऱ्या मुलीला वरच्या वर्गाची वाणी शिकवितो. पण पैज जिंकल्यावर त्या मुलीचें पुढें काय व्हावयाचें, ह्याचा विचारच त्यानें केलेला नसतो, असें हें कथानक. दोन्ही नाटकांत भरपूर हंसूं आहे. परंतु आपण तेथें नेमकें कोणाला हंसतों, हा प्रश्न मला कित्येक वर्षें छळीत आला आहे. आणि त्याच प्रश्नाच्या अनुरोधानें ह्या दोन नाटकांकडे पाहावयाचें मीं योजिलें आहे.

शॉच्या नाटकाचा प्राण तिसऱ्या अंकांत आहे. हिगिन्सच्या आईकडे पाहुणे जमले आहेत, आणि शिकवणी चालूं असलेली एलायझा तेथें प्रथमच चार सभ्य माणसांत येते. तिचा प्रत्येक उच्चार आतां निर्दोष आहे. पण हवापाण्याच्या गोष्टींवरून ती जी घसरते ती थेट मावशीच्या संशयास्पद मृत्यूवर आणि बापाच्या दारूवर. जातांना तर ती असा एक शब्द उच्चारते कीं १९१४ च्या लंडनांत त्यावरून मोठाच गहजब झाला. प्रेक्षक येथें पोट धरून हंसतात. परंतु शॉनें केलेली खरी थट्टा एलायझाची नव्हे. त्याच बैठकींत क्लॅरा नांवाची एक मुलगी आहे. घराणें चांगलें, पैसा संपलेला, आणि समाजांत मागें पडूं कीं काय ही धास्ती रात्रंदिवस. तिला वाटतें, ही बोलण्याची नवी, उच्च मंडळींतली तऱ्हाच असली पाहिजे. आणि निघतांना तोच शब्द ती स्वतः मोठ्या ऐटीनें वापरते. फुलवालीच्या तोंडीं जी शिवी होती, ती दिवाणखान्यांत, चांगल्या कपड्यांतील मुलीच्या मुखीं, पांच मिनिटांत फॅशन झाली.

हा केवळ नाटककाराचा अतिशयोक्तीचा खेळ नव्हे, ह्याची साक्ष पुढें भाषाशास्त्रानेंच दिली. विल्यम लॅबॉव्ह ह्या अमेरिकन भाषाशास्त्रज्ञानें १९६२ सालीं न्यूयॉर्कमधील एक उंची, एक मध्यम व एक स्वस्त अशा तीन दुकानांत जाऊन तेथील नोकरांच्या बोलण्यांतला ‘र’ टिपला. दुकान जितकें उंची, तितका शब्दांतील ‘र’ स्पष्ट, असें त्याला आढळलें. उलट इंग्लंडांत जी वाणी प्रतिष्ठित मानली गेली, तिच्यांत शब्दाच्या अखेरचा तोच ‘र’ गिळून टाकतात. एलायझाची फजिती ज्या ‘ह’मुळें होते, तो ‘ह’ फ्रेंच भाषेंत पंडितहि उच्चारीत नाहींत. तात्पर्य, एका गांवीं जें कुलीनतेचें लक्षण तें दुसऱ्या गांवीं गांवढळपणाचें.

मग आपल्या ‘ण’ची कुळकथा काय आहे? संस्कृत शब्द ‘पानीय’. त्यांतील ‘न’ दंत्य आहे. ‘नवनीत’ ह्यांतीलहि दोन्ही ‘न’ दंत्यच. महाराष्ट्री प्राकृतानें ‘न’चा सर्वत्र ‘ण’ केला. वररुचीच्या ‘प्राकृतप्रकाश’ ह्या व्याकरणांत तसा नियमच आहे. आणि त्या वाटेनें आपल्या घरांत ‘पाणी’ व ‘लोणी’ आलें. म्हणजे संस्कृताकडे तोंड करून विचारलें, तर मूळ उच्चार कोणीं बिघडविला? ज्याला आपण अशुद्ध म्हणून नाक मुरडतों त्याचा ‘पानी’ मुळाच्या अधिक जवळ आहे. ह्यावरून आतां ‘पानी’लाच शुद्धत्वाची पदवी द्यावी, असें मी म्हणत नाहीं, ‘ण’ आणि ‘न’ ह्यांतील भेद नाहींसा होऊन तो उच्चारहि मागाहूनच तयार झाला आहे. म्हणणें इतकेंच कीं, शुद्धाशुद्धाचा निवाडा ध्वनीनें केलेला नाहीं. एरव्हीं, हिंदी बोलतांना आपल्यांतील शुद्धभाषी गृहस्थ ‘पानी’ खुशाल म्हणतात आणि त्यांच्या प्रतिष्ठेला यत्किंचितहि धक्का लागत नाहीं, ह्याचा अर्थ काय लावावयाचा?

निवाडा केला तो इतिहासानें. इंग्रजी अमदानींत मराठीला नवे कोश, व्याकरणें व शालेय पुस्तकें मिळालीं. मोल्सवर्थच्या १८३१ च्या कोशापासून ह्या कामीं शास्त्रीमंडळींचा हात मोठा होता, आणि त्यांच्या घरचें बोलणें हेंच हळूहळू प्रमाण ठरत गेलें. त्यांत कपट होतें असें नाहीं. लेखणी ज्याच्या हातीं, त्याची वाणी कागदावर येते. परंतु ह्या प्रमाणाचा हत्यारासारखा उपयोग होण्यास वेळ लागला नाहीं. जोतीराव फुले यांची ‘गुलामगिरी’ १८७३ सालीं प्रसिद्ध झाली. १८७४ सालीं निघालेल्या ‘निबंधमाले’ंत विष्णुशास्त्री चिपळूणकरांनीं फुल्यांचा परामर्श घेतला, तेव्हां त्यांच्या भाषेची व व्याकरणाची टवाळी करण्यांत पुष्कळ शाई खर्ची घातली. शास्त्रीबोवांचें मराठी निबंधावरील ऋण मोठें आहे. म्हणूनच ही गोष्ट अधिक बोंचते. बोलणाराचें म्हणणें खरें कीं खोटें, ह्या प्रश्नाला बगल द्यावयाची असेल, तर त्याचा उच्चार सुधारूं लागणें हा सर्वांत सोपा मार्ग आहे.

हें ध्यानांत घेऊन ‘ती फुलराणी’कडे पाहिलें म्हणजे तिचें यश आणि तिची मर्यादा, दोन्ही दिसूं लागतात. यश असें कीं, देशपांडे यांचा कान विलक्षण तीक्ष्ण. लंडनच्या बोलीचें शब्दशः भाषांतर करण्याच्या भरीस न पडतां त्यांनीं मंजुळेला अशी ठसकेबाज, जिवंत बोली दिली कीं परकेपणाचा वास कोठेंहि येत नाहीं. आणि मास्तरावर सूड उगविण्याचीं स्वप्नें रंगविणाऱ्या तिच्या गाजलेल्या स्वगतांत तर तिला हंसणारे प्रेक्षकहि नकळत तिच्या बाजूचे होतात. मर्यादा अशी कीं, एलायझाची वाणी लंडनच्या माणसाला तिची गल्ली आणि तिचा वर्ग सांगते. मराठींत मात्र ‘न’ आणि ‘ण’ वर्गाबरोबर जातीचीहि कुजबुज करतात. ती कुजबुज नाटकाच्या केंद्रस्थानीं येत नाहीं. मास्तर गर्विष्ठ आहे, तऱ्हेवाईक आहे, एवढ्यावर भागतें. त्याचा गर्व आपल्याच घरांत वाढलेला आहे, हें प्रेक्षकाला टोंचत नाहीं. आणि तो मनमोकळेपणानें हंसून घरीं जातो.

आणि आपल्या घरांत क्लॅराहि नाहीं असें थोडेंच आहे? १९५२ सालीं बहिणाबाई चौधरी यांचीं गाणीं पुस्तकरूपानें आलीं, तेव्हां त्या खानदेशी बोलीला आपण डोक्यावर घेतलें, आणि तें सर्वस्वी योग्यच झालें. तिच्यांत आपल्याला मातीचा सुगंध आला. परंतु तसलीच एखादी बोली मागील दारीं भांडीं घासावयास आली, कीं आपण मुलाला दटावतों, “तिच्यासारखें बोलूं नकोस.” तेव्हां मात्र तो सुगंध कोणाला येत नाहीं.

मी प्राथमिक शाळेंत असतांनाची एक गोष्ट येथें सांगणें अवश्य वाटतें. आमच्या वर्गांत एका गवळ्याचा मुलगा होता. धडा वाचण्याची त्याची पाळी आली आणि त्यानें ‘पानी’ असें वाचलें. मास्तरांनीं त्याला थांबवून तो शब्द दहा वेळां म्हणावयास लाविलें. दहाहि वेळां ‘पानी’च आलें, दहाहि वेळां वर्ग हंसला, आणि त्या हंसण्यांत माझाहि आवाज होता. दुसऱ्या दिवशीं त्याची पाळी आली तेव्हां पुस्तक घरीं राहिलें असें त्यानें सांगितलें. पुस्तक पिशवींत होतें. मी शेजारींच बसत असल्यामुळें मला तें दिसत होतें. त्यानंतर त्या वर्षांत त्यानें मोठ्यानें वाचल्याचें मला आठवत नाहीं. पुढें ‘ती फुलराणी’च्या एका प्रयोगास गेलों असतां, मंजुळेच्या उच्चारावर सारें नाट्यगृह हंसलें त्या क्षणीं, मला ती पिशवी आठवली.

मग प्रमाणभाषा शिकवूंच नये काय? असें म्हणणें म्हणजे श्रीमंतानें दरिद्र्याला साधेपणाचा उपदेश करण्यासारखें होईल. एलायझा हिगिन्सच्या दारीं आपण होऊन येते. तिला फुलांच्या दुकानांत नोकरी हवी आहे, आणि त्यासाठीं शिकवणीचे पैसे द्यावयासहि ती तयार आहे. तिची गरज खरी आहे. ज्या भाषेंत न्यायालय, परीक्षा आणि नोकरी चालते ती प्रत्येकाला आलीच पाहिजे, आणि ती शिकविणें हें शाळेचें कर्तव्यच आहे. परंतु अखेरीस एलायझाच सांगते कीं, आपल्याला सन्मानाची ओळख झाली ती हिगिन्सच्या धड्यांनीं नव्हे. कर्नल पिकरिंगनें पहिल्या दिवशीं आपल्याला ‘मिस डूलिटल’ म्हटलें, तेथें झाली. त्या दिवशीं तिचा एकहि उच्चार सुधारलेला नव्हता, हें लक्षांत ठेवण्यासारखें आहे. उच्चार सुधारल्यावर मान द्यावयाचा हा हिगिन्सचा क्रम. पिकरिंगचा क्रम उलट, आणि शिकविणाराला तोच शोभतो.

आमच्या मास्तरांनीं त्या मुलाला तास संपल्यावर जवळ बोलावून उच्चार सांगितला असता, तर तो आज ना उद्यां शिकला असता. आणि न शिकता, तरी धडा वाचीत राहिला असता. ‘ती फुलराणी’ पुन्हां कोठें लागली तर मी अवश्य जाईन, आणि बहुधा हंसेनहि. फक्त मंजुळा बोलूं लागेल तेव्हां मास्तराच्या चेहऱ्याकडे पाहावें, असें आतां मीं ठरविलें आहे.